जुनी बोल्टची रायफल घेताय? आकडा बोलायच्या आधी हे बघा

कोल्हापुरात जुनी रायफल विकायला निघाली की आधी तिची गोष्ट निघते. महाराजांनी पणज्याला बक्षीस दिलेली, दाजीपूरच्या जंगलात हिनंच वाघ पाडला, अस्सल जर्मन आहे भावा, असला माल आता कुठं मिळतोय. ऐकता ऐकता चहा होतो, मग आकडा सांगितला जातो, आणि घेणारा बिचारा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागनं बंद करणारा दांडा, दोनदा मागंपुढं करतो, दस्ता खांद्याला लावतो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरतो आणि 'भारीच आहे की' म्हणतो. यात रायफल बघितली कुणी? माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडं जुन्या रायफलीची किंमत कागद, काडतूस आणि नळी या तिघांवर ठरते, याच क्रमानं, आणि मेकरचं नाव त्याच्या मागनं येतं. फॉरेनचे व्हिडिओ बघून किंमत लावायला जाऊ नका, तिकडं दुकानात रायफली रांगेनं लावलेल्या असतात आणि पाहिजे ती गोळी पाकिटानं मिळते, त्यामुळं तिकडचं गणित इकडं बसत नाही.

आणि शिकारीची रायफल हे आता नावालाच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद, गवा उसात घुसला तरी त्याच्यावर बार टाकता येत नाही, डुकराचं सुद्धा वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय नाव काढायचं नाही. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड भागात ज्या रायफली आहेत त्या पीकसंरक्षणाच्या नाहीतर स्वसंरक्षणाच्या लायसनवर आहेत, नाहीतर वारसानं आलेल्या आहेत. म्हणजे बहुतेक रायफली वर्षानुवर्षं न उडवता पडून असतात, आणि पडून राहिलेली रायफल ही वापरलेल्या रायफलीपेक्षा जास्त खराब असू शकते हे पहिल्यांदा डोक्यात घ्या.

आता कागद. विकणाऱ्याचं मूळ लायसन हातात घ्यायचं, झेरॉक्स नाही, मोबाईलवरचा फोटो तर अजिबात नाही. त्याच्यावर बोअर (नळीच्या भोकाचं माप, इंचात नाहीतर मिमीत), मेकर आणि नंबर लिहिलेला असतो, तो रायफलीवरच्या नंबराशी आकडा न् आकडा, अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. जुन्या हाताने लिहिलेल्या लायसनात ७ चा १ झालेला असतो, इंग्रजी अक्षर गाळलेलं असतं, आणि त्या एका अक्षरासाठी पुढं कलेक्टर ऑफिसच्या चकरा तुम्हालाच मारायला लागतात. असली चूक दिसली तर विकणाऱ्याला म्हणायचं आधी दुरुस्त करून आण, मग भावाचं बघू. नंबराची जागा घासलेली वाटली, अक्षरं वाकडीतिकडी किंवा नवीन ठोकल्यासारखी दिसली तर मात्र भाव करत बसायचंच नाही, सरळ उठायचं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात नंबर खोडणं बदलणं हा गुन्हा आहे, आणि असलं हत्यार फुकट मिळालं तरी महागच.

दुसरं म्हणजे तुमच्या लायसनवर जागा आहे का. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, वारसानं आलेलं हत्यार पण त्या दोनातच मोजलं जातं. त्यावेळी ज्यांच्याकडं तीन होती त्यांना एक सोडायला लागलं. आज पण ज्याच्याकडं वारसाची तिसरी येतेय त्याला विकायची घाई असते, आणि घाई असलेल्या माणसाशी भाव करायला बरं पडतं, हे वेगळं सांगायला नको.

मग बोअर. .३०३ कुणी देतो म्हणाला तर तिथंच थांबा. .३०३ आणि ७.६२ च्या बोल्ट रायफली, किंवा ती सर्व्हिसची गोळी ज्यात बसते अशी कुठलीही रायफल, प्रतिबंधित बोअरमध्ये येते, साध्या लायसनवर चालत नाही. आपल्या देशात .३१५ एवढी पसरली त्याचं कारणच हे आहे. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीनं जवळपास तीच ली-एनफिल्डची, म्हणजे ब्रिटिश फौजेच्या .३०३ ची, ॲक्शन (बोल्ट आणि त्याच्या भोवतीची यंत्रणा) घेतली आणि नळी ८ मिमीची बसवली, गोळी जुन्या ऑस्ट्रियन मॅनलिखरची, ८ × ५० ची, बुडाला कडा असलेली. पण त्यामुळंच एक घोळ होतो. काही ठिकाणी जुनी लष्करी .३०३ घेऊन तिला .३१५ ची नळी चढवलेली बघायला मिळते. नळीवर .३१५, रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी सांगाड्यावर) लष्करी छाप आणि जुनं साल, लायसनमध्ये तिसरंच काहीतरी. असल्या रायफलीची उत्तरं तुम्हाला आयुष्यभर देत बसायला लागतील, सोडून द्या.

काडतुसाचा प्रश्न विकणारा कधी काढत नाही, तुम्हीच काढायचा. .३१५ ची गोळी देशात बनते, 'केएफ' छाप म्हणजे खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. .३०-०६ पण सरकारी फॅक्टरीची येते, मागंपुढं होतं पण येते. याच्या बाहेर गेलात की अवघड आहे. .२७५ रिग्बी म्हणजे ७ × ५७ माउझर, .३१८ वेस्टली रिचर्ड्स, .३७५ हॉलंड, ६.५ ची मॅनलिखर शोनावर, एकापेक्षा एक देखण्या रायफली, हातात घेतल्या की सोडवत नाहीत, पण गोळ्या कुठनं आणणार? परदेशातनं हत्यारं आणणं सामान्य माणसाला ऐंशीच्या दशकापासनं जवळजवळ बंद आहे आणि गोळीचं पण तसंच. डीलरकडं एखादं जुनं पाकीट निघतं, एकेका गोळीचा भाव ऐकून माणूस गप्प बसतो, आणि ती पेटेल याची खात्री नाही. म्हणून फोन करून आधी दोन-तीन डीलरना विचारा, ह्या बोअरची गोळी आज तुमच्याकडं आहे का, किती आहे, कितीला आहे. उत्तर 'बघतो, मागवतो' असं आलं तर ती रायफल वापरायची म्हणून घेऊ नका, भिंतीवरची म्हणून घ्या आणि तसाच भाव लावा.

एवढं सगळं पास झालं तर मग रायफल हातात घ्यायची. पहिल्यांदा बोल्ट उघडा, मॅगझिन काढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, करंगळी घालून बघा की रिकामं आहे, विकणारा शंभर वेळा 'मोकळीच आहे' म्हणाला तरी. मग बोल्ट पूर्ण बाहेर काढा. जो माणूस बोल्ट काढू देत नाही त्याच्याकडनं काही घ्यायचं नाही.

नळी बघायची रीत अशी. आधी कोरडं फडकं नळीतनं ओढायला लावा. बरेच लोक विकायच्या आधी नळीत तेल भरून ठेवतात आणि तेलात सगळं चकाकतं, खड्डे बुजतात. कोरडी केल्यावर तोंडाकडनं पांढरा कागद धरून त्याच्यावर उजेड पाडा आणि मागनं, चेंबरकडनं बघा. थेट टॉर्च मारून बघू नका, डोळे दिपतात आणि सगळीच नळी आरसा वाटते. आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा, धारदार दिसले पाहिजेत, कडा उभ्या, सावली स्वच्छ. कडा गोल झालेल्या असतील तर नळी झिजली. काळे ठिपके दिसले तर तो नुसता मळ आहे का खड्डा आहे हे ठरवायला सॉल्व्हंट लावून ब्रश फिरवायचा, थोडा वेळ ठेवायचं आणि परत बघायचं, मळ जातो, खड्डा राहतो. तांब्याचा थर पण असतो, नळीत लालसर पट्टे दिसतात, आणि त्याच्या खाली काय आहे ते थर काढल्याशिवाय कळत नाही. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतला, म्हणजे बुडाला पिन आदळल्यावर पेटणाऱ्या वाटीतला, मसाला नळीत क्षार सोडायचा, तो क्षार हवेतलं पाणी ओढतो, ती गोळी उडवून नळी पाण्यानं धुतली नसेल तर एका पावसाळ्यात नळीचं वाटोळं. आणि पाऊस म्हणजे आपल्याकडं काय असतो ते गगनबावड्याच्या माणसाला विचारा.

चेंबर संपून आटे चालू होतात ती जागा सगळ्यात महत्त्वाची. बार उडताना सगळी आग तिथं बसते. ती जागा करपट, भेगाळलेली, आटे पुढं सरकलेले दिसले तर नळी भरपूर चाललेली आहे, बाकी कितीही चकाको. मग नळीत मध्येच एक गडद कडं दिसतंय का बघा. कडं म्हणजे फुगवटा, कधीतरी आत काहीतरी अडकलेलं असताना बार उडालाय. बाहेरनं नळीवर बोटं फिरवली, खिडकीच्या उजेडात नळी तिरकी धरून चकाकीची रेघ बघितली की ती रेघ तिथं मोडते. फुगलेली नळी म्हणजे रायफल भंगार, डिस्काउंट मागायचा विषयच नाही. शेवटी तोंड. तोंडाकडनं सळई घालून साफ करायची सवय असलेल्या घरात तोंडाचे आटे एका बाजूला घासलेले असतात आणि मग रायफल गोळ्या कुठंही टाकते. हे एक जरा बरं, चांगला कारागीर तोंड परत घडवून देतो, पण त्याचा खर्च किमतीतनं वजा करायचा.

बोल्टवर नंबर असतो. ली-एनफिल्ड घराण्याच्या रायफलीत, म्हणजे आपल्या .३१५ मध्ये पण, तो हँडलच्या मुळाशी बघायचा आणि रिसीव्हरशी जुळवायचा. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर हेडस्पेस तपासल्याशिवाय ती उडवायची नाही. हेडस्पेस म्हणजे बोल्ट बंद केल्यावर काडतुसाला मागं सरकायला किती जागा उरते ते, ती जास्त झाली की काडतुसाचं पितळी केस फाटतं आणि गरम वायू तोंडावर येतो. गेज असलेला कारागीर मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर विकणाऱ्याकडं त्याच रायफलीतनं उडवलेली जुनी केसं मागा. बुडाच्या कडेच्या जरा पुढं चमकदार कडं पडलंय, टोपी मागं उचलली गेलीय, टोपीला भोक पडलंय, यातलं काही दिसलं तर उठा. बैलाच्या बाजारात दात बघतात ना, तसं उडवलेलं केस बघायचं, सगळं वय तिथं कळतं.

माउझर ९८ असेल तर लॉक करणारे दोन दाते बोल्टच्या पुढच्या तोंडाला असतात आणि मागं तिसरा, सुरक्षेचा. पुढच्या दात्यांच्या मागची बाजू बघायची, दोन्ही दाते सारखे घासलेत का एकच. एकच घासला असेल तर सगळा भार एकट्यावर येतोय. बोल्ट बंद करताना दरवेळी एकाच ठिकाणी अडकल्यासारखा, उघडताना खटका बसल्यासारखा वाटला तर रिसीव्हरमध्ये दात्यांची खोबण पडली असणार, ती दुरुस्त होत नाही. आणि माउझर म्हटलं की सगळी शिकारीचीच असं नाही, लष्करी माउझर घासून पुसून, दस्ता बदलून शिकारीची केलेल्या पण भरपूर आहेत. रिसीव्हरच्या वरच्या कड्यावर त्या देशाच्या राजचिन्हाचा छाप घासल्याची खूण, क्लिप लावायच्या जागेचा उंचवटा तासलेला, हे दिसलं की ती रूपांतर केलेली. वाईट नसते, चालते चांगली, फक्त किंमत निम्मी धरा.

चाप आणि सेफ्टी रिकाम्या रायफलीवर बघायची. कॉक करून, म्हणजे पिन मागं ताणून, सेफ्टी लावा, चाप दाबा, सोडा, सेफ्टी काढा. काढल्याबरोबर फायरिंग पिन पडली तर ती रायफल माणूस मारणार. बोल्ट जरा जोरात बंद केला, दस्त्याला हाताचा तळवा मारला तरी कॉक सुटता कामा नये. कुणीतरी चाप हलका करायच्या नादात आतल्या पोलादाचं पाणी, म्हणजे वरचा कडक थर, कानस मारून घालवलेलं असतं, हौशी मिस्त्री कमी नाहीत आपल्याकडं.

लाकूड. अक्रोडाचा दस्ता असेल तर मानेजवळ, म्हणजे जिथं हात धरतो तिथं, आणि रिसीव्हरच्या शेपटीच्या मागं बारीक चीर असते, ती अंगठ्यानं दाबली की उघडते नाहीतर तेल बाहेर येतं. आता एक काम असं आहे जे कुणी करत नाही. परवानगी घेऊन खालचे स्क्रू काढून नळी लाकडातनं उचला. निवडणूक आली की रायफल पोलीस ठाण्यात जमा होते, आणि नेमकं पावसाळ्यात आलं की ती महिनोन् महिने ओलसर खोलीत उभी असते, घरी आल्यावर मालक वरनं तेल पुसतो आणि मोकळा होतो. अशी एक .३१५ बघितली होती, वरनं काळीभोर, नंबर मॅचिंग, नळी चांगली, आणि लाकूड काढल्यावर लाकडाच्या रेषेच्या खाली नळीला चार बोटं लांब गंजाचा पापुद्रा, नखानं निघत होता, खाली सगळे खड्डे. बाहेरनं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. नळी आणि लाकडात दहाची नोट सरकते का हे पण लोक बघतात, पण जुन्या शिकारी रायफलीत टोकाला लाकूड मुद्दाम टेकवलेलं असतं, त्यामुळं नोट अडली म्हणून लगेच खोट काढू नका. एकाच बाजूला घट्ट दाबतंय का ते बघा, तसं असेल तर लाकूड पावसात पिळलंय.

पॉलिश नवीन असेल तर जास्त सावध राहा. परत ब्लूइंग केलेल्या, म्हणजे लोखंडावर काळानिळा थर चढवलेल्या, रायफलीवरची अक्षरं पुसट आणि कडा गोल होतात, स्क्रूची भोकं बशीसारखी खोलगट दिसतात. वापरायला घेणार असाल तर याचा काही फरक नाही, संग्राहक मात्र नाक मुरडतो. तसंच स्कोप (नेमाची दुर्बीण) लावायला पाडलेली भोकं, कापलेला दस्ता, चिकटवलेलं रबर पॅड. स्कोप वेगळा धरा. आतनं बुरशीचं जाळं आलंय का उजेडाकडं धरून बघा, आलं असेल तर स्कोपची किंमत शून्य, पण माउंट, म्हणजे स्कोप रायफलीवर बसवायची पकड, चांगलं असेल तर त्याचे पैसे द्या, चांगलं माउंट हल्ली स्कोपपेक्षा अवघड मिळतं.

आता महाराजांच्या रायफली. शाहू महाराजांना शिकारीचा नाद होता, चित्ते पाळलेले, न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये शिकारीचं सगळं बघायला मिळतं, त्यामुळं असल्या गोष्टी अगदीच खोट्या असतील असं नाही. पण साल जुळवून बघायला काय जातंय? महाराज १९२२ ला गेले. विंचेस्टर मॉडेल ७० आलं १९३६ ला, रेमिंग्टन ७०० तर १९६२ ला. तरी लोक मॉडेल ७० हातात धरून शाहू महाराजांचं नाव घेतात. .३१८ (१९१०) किंवा .३७५ (१९१२) असेल तर निदान शक्य तरी आहे. रिग्बी, हॉलंड असल्या इंग्लिश मेकरकडं जुन्या वह्या आहेत, नंबर कळवून फी भरली की कधी बनली आणि पहिल्यांदा कुणाला विकली ते सांगतात. असा कागद असेल, संस्थानचं पत्र असेल, मूळ पेटी असेल तर जादा पैसे द्यायला हरकत नाही. नुसत्या तोंडी गोष्टीचा एक रुपया पण देऊ नका.

भाव कसा लावायचा? डीलरकडं नव्या .३१५ चा आजचा भाव विचारा, तो पाया. माझा हिशोब असा की नंबर मॅचिंग, आटे धारदार, लाकूड धड असेल तर त्याच्या साठ-सत्तर टक्के, नळीत बारीक खड्डे पण तोंड आणि चेंबर चांगलं असेल तर चाळीसच्या आसपास, त्याच्या खाली असेल तर घ्यायचीच कशाला. फॉरेनची .३०-०६, विंचेस्टर, रेमिंग्टन, चेक ब्रनो, चांगल्या नळीची असेल तर नव्या .३१५ च्या वर जाते आणि ते बरोबर आहे, कारण आवक बंद आहे आणि गोळी मिळते. चांगल्या ब्रनोवर मी घासाघीस करणार नाही. पण तोच माणूस .३१८ ला पण तेवढेच मागत असेल तर हात जोडायचे. विकणारा 'डीलर एवढे देतोय' म्हणाला तर आनंदानं म्हणा, मग त्यालाच द्या.

स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचं मेडल आणल्यापासनं पोरासाठी म्हणून आजोबाची .३०-०६ विचारणारे पालक पण भेटतात. ते ५० मीटरचं काम .२२ च्या मॅच रायफलीचं, तीही बोल्टचीच पण जातच वेगळी, तिची किंमत वेगळ्या पद्धतीनं होते. पोराला आधी रेंजवर क्लबची रायफल धरू द्या.

सौदा ठरला तर उडवून बघायचा हट्ट धरा, पण परवानगी असलेल्या रेंजवरच, मळ्यात नाही. थंड नळीतनं पहिला बार कुठं बसतो आणि पुढचे दोन त्याच्या किती जवळ बसतात एवढं बघायचं. पैसे पूर्ण देऊ नका, कारण हत्यार लगेच तुमच्या हातात येत नाही. विकणाऱ्यानं जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायला लागतं की अमुक माणसाला विकतोय, तुमचं नाव पत्ता देऊन, आणि त्यानंतर ४५ दिवस गेल्याशिवाय ती देता येत नाही. विसार द्या, पावतीवर बोअर, नंबर आणि बोल्टचा नंबर पण लिहून घ्या, कारण दीड महिन्यात बोल्ट बदललेला मिळू शकतो. त्या दीड महिन्यात रायफल लाकूड काढून, कोरडी करून, तेल लावून ठेवायची जबाबदारी कुणाची हे पण त्याच पावतीवर लिहा, आणि ताब्यात घेताना नळी परत एकदा कागद धरून बघा.